मामांचं तोंड आणि काडेपेटीचे कान

बादलीमामांची बादली पाणी भरायच्या लायकीची नव्हती. जस्ताची, बुडाला मोठा पोचा, कडी कधीची तुटलेली. पण मामांच्या अख्ख्या कारभाराचं सिंहासन तेच. तबेल्यात एखादं बिथरलेलं, कुणालाच हात लावू न देणारं जनावर आलं, की मामा ती बादली रिंगणाच्या मधोमध उपडी घालायचे, वर बसायचे आणि त्या जनावराकडे चक्क पाठ करायचे. हातात चाबूक नाही, दोर नाही. शिवायला आलेली एखादी वादी, दाभण, मेणाचा गोळा, एवढाच पसारा. आणि मग तोंड सुरू.

"घोड्याकडे टक लावून बघितलं की त्याला वाटतं, हा मला खाणार," मामा सांगायचे. "पाठ करून बसलं की वाटतं, हा कोण बावळट? आणि बावळटाची चौकशी करायला जनावर कधी ना कधी येतंच."

येतच असे. घोड्यांची चौकशी पाठीमागून येते. आधी लांबून एक फुरफुर, मग टापांचे दोन-चार अंदाज, मग मानेवर गरम श्वास, आणि शेवटी सदऱ्याची कॉलर कुणीतरी ओठांत धरून ओढतंय. मामांच्या सगळ्या सदऱ्यांच्या कॉलरी चघळलेल्या असत. त्यांची बायको शिवणकाम करायची, लोकांचे कपडे दुरुस्त करून द्यायची. तिने नवऱ्याच्या कॉलरी बदलणं कधीच सोडून दिलं होतं. "लोकांकडे इस्त्रीचे नवरे असतात, माझ्याकडे उष्टा आहे," ती म्हणायची. तिला सगळे मामीच म्हणत.

तबेला शहराच्या टोकाला होता, पुलाच्या पलीकडे. पुढे विटांची भिंत, मागे गवताची गंजी, मधल्या अंगणात दगडी हौद, आणि हौदाला लागून लाकडी कुंपणाचं गोल रिंगण. मालकीणबाईंच्या वडिलांपासून मामा तिथे कामाला. वडील गेले, लेक आली, मामा होते तिथेच राहिले. फरक एवढाच पडला की वडील मामांना "अरे" म्हणायचे आणि लेक "अहो मामा" म्हणायची, कारण लहानपणी तिला पहिल्यांदा घोड्यावर बसवलं ते त्यांनीच.

मामांच्या हाताखालून कोणकोणती जनावरं गेली, हे सांगत बसलं तर दिवस मावळेल. छत्री उघडली की जमिनीवर लोळण घेणारा एक पांढरा घोडा होता. मामांनी भर उन्हात छत्री घेऊन त्याच्यासमोर इतके दिवस जेवण केलं, की पुढे पुढे छत्री दिसली की त्याला भूक लागायची. एक घोडी होती, तिला पूल ओलांडायचा नव्हता. मामा तिच्याबरोबर पुलाच्या तोंडाशी उभे राहून येणाऱ्या-जाणाऱ्यांशी गप्पा मारत बसले. सगळं शहर त्या पुलावरून गेलं, सगळ्यांची ख्यालीखुशाली विचारून झाली, आणि एक दिवस घोडीच कंटाळून पुढे निघाली. मामा मागे राहिले, कारण त्यांची गोष्ट संपली नव्हती.

तर अशा या माणसाकडे काडेपेटी आली.

काडेपेटी हे नाव नालबंदाने ठेवलं. तबेल्याचा नालबंद म्हणजे मामांचा जुना दोस्त, तोंडाने फाटका, मनाने सरळ. तांबूस रंगाची, कपाळावर पांढरा ठिपका असलेली ती तरणी घोडी व्यापाऱ्याच्या गाडीतून उतरली ती उतरली कसली, उधळलीच. फळी मोडली, हौदाला प्रदक्षिणा घातली, आणि नालबंदाच्या टोपीत दात रोवले. डोकं थोडक्यात वाचलं.

"ही घोडी नाही, काडेपेटी आहे," नालबंद उरलेली टोपी झटकत म्हणाला. "नुसतं घासलं तरी पेटते. मामा, हिच्या खुराला मी हात लावणार नाही. आधीच सांगून ठेवतो."

"तुला कोण लावू देतंय?" मामा म्हणाले. "तुझ्या हाताला धुराचा वास. तिला वाटलं, आग लागली."

मालकीणबाईंनी मात्र मामांना बाजूला घेतलं. "मामा, ही मी आपल्या मनाने घेतलेली नाही. व्यापाऱ्याने बाकीच्या दोघांबरोबर गळ्यात मारली. थंडी सुरू व्हायच्या आत कुणी हिला नेणारं मिळालं तर ठीक. नाहीतर तो परत यायचाय, त्याच्याच गाडीत चढवून देईन. बसून खाणारं जनावर मला ठेवता येणार नाही."

मामा काही बोलले नाहीत, आणि मामा बोलले नाहीत म्हणजे त्यांना लागलं होतं. व्यापाऱ्याकडे परत गेलेलं घोडं पुन्हा कुणाच्या दृष्टीला पडलं नव्हतं. कुठे जातात हे सगळ्यांना ठाऊक होतं, म्हणून कुणी विचारत नसे.

मामांनी बादली उपडी घातली.

पहिले काही दिवस काडेपेटी कुंपणाला चिकटून राहिली. मामा बसत, वादी शिवत आणि बोलत. त्यांनी तिला पुलावरच्या घोडीची गोष्ट सांगितली, छत्रीची सांगितली, आपल्या गुडघ्याची तक्रार सांगितली, मामीच्या शिलाईयंत्राचा पट्टा कसा तुटतो ते सांगितलं. मेव्हण्याने सायकल विकत घेऊन ती न शिकताच कशी विकली, हेही सांगून झालं. हळूहळू मामांच्या एक गोष्ट ध्यानात आली. बोलता बोलता ते ठसक्यासाठी थांबले, की मागे टापा खडखडायच्या. पुन्हा बोलू लागले, की घोडी शांत.

"कळलं मला," मामा संध्याकाळी मामीला म्हणाले. "तिला कुणीतरी चोरपावलांनी गाठलेलं आहे. भिंतीआडून येऊन गळ्यात फास टाकलेला असणार. माणूस कुठे आहे हे कळलं नाही की ती पेटते. माझा आवाज चालू असला की तिला कळतं, म्हातारा बादलीवरच आहे."

"मग तुमच्याइतका योग्य मास्तर तिला त्रिभुवनात मिळायचा नाही," मामी सुईत दोरा ओवत म्हणाली.

मामांनी ते कौतुक समजून घेतलं.

आणि खरंच, त्यानंतर गाडी रुळावर आली. एक दिवस कॉलर ओढली गेली. मग नाकाला हात, मग मानेवर खरारा, मग पाठीवर झूल. म्होरकी चढवायला वेळ लागला, कारण मामा घाई करत नसत. ते म्होरकी नुसती मांडीवर घेऊन बसत, आणि घोडी स्वतःच तिच्यात नाक खुपसून बघे. खोगीर आलं, त्याचा पोटाखालचा पट्टा, तंग, आवळला, एकेक भोक करत. मामा बादलीवर चढून तिच्या पाठीवर पोत्यासारखे आडवे पडले, आणि त्या अवस्थेतही तोंड चालूच. नालबंद कुंपणावर कोपरं टेकून बघत होता.

"मामा, धान्य भरलंय की नुसत्या गप्पा?"

"बडबड करू नकोस, तिचं लक्ष जातं," मामा आडव्यानेच म्हणाले.

पुढे ते तिच्यावर बसून फिरू लागले, आधी रिंगणात, मग अंगणात, मग विटांच्या भिंतीच्या कडेने. नालबंदानेही शपथ मोडली आणि तिच्या चारही खुरांना नाल ठोकले. मामा तिच्या डोक्याशी उभे राहून मेव्हण्याच्या सायकलीची गोष्ट पुन्हा पहिल्यापासून सांगत होते. नालबंद शेवटचा खिळा वाकवत म्हणाला, "घोडीला चालेल, पण मला ही गोष्ट आता पाठ झाली."

मालकीणबाईंनी गिऱ्हाईक शोधलं. एक वनरक्षक होता. डोंगरापलीकडच्या जंगलात एकटा राहायचा, त्याची जुनी घोडी म्हातारी झाली होती. उंच, वाळका, कोट अंगावर टांगल्यासारखा. आला, टोपी काढली, काडेपेटीभोवती एक फेरी मारली, तिचे पाय बघितले, दात बघितले. तेवढ्या वेळात मामांनी त्याला तिची जन्मकुंडली सोडून बाकी सगळं सांगितलं. वनरक्षकाने मान हलवली. रिकिबीत पाय घातला, वर बसला. मामा कुंपणाशी उभे राहून बोलत होते, आणि काडेपेटी मेंढरासारखी चालत होती. मालकीणबाईंच्या चेहऱ्यावर हसू आलं.

वनरक्षकाने घोडी मामांसमोर थांबवली. "तुम्ही जरा गप्प बसता का?" तो म्हणाला. आवाजात राग नव्हता. "माझं काम गप्प राहायचं आहे. लाकूड तोडणाऱ्यांना लांबून आवाज गेला की ते पसार होतात. मला झाडाखाली न हलता उभी राहणारी घोडी पाहिजे."

मामा गप्प बसले.

अंगण गप्प झालं. काडेपेटीचा एक कान मामांकडे वळला, मग दुसरा. तिने मान वर केली. पाठीवर ओझं आहे आणि कुणाचाच आवाज नाही, हे तिला उमगलं मात्र, तिने मागचे पाय असे काही झाडले की वनरक्षक हवेतून थेट दगडी हौदात.

तो उठला. टोपी पिळली. मामा तोवर "होऽ बाई, होऽ, काही नाही, काही नाही" करत घोडीपाशी पोचले होते, आणि ती लगेच शांत, जणू काही झालंच नाही. तेच वाईट झालं. सगळ्यांना दिसलं की घोडं कुठे पेंड खातंय.

"घोडी चांगली आहे," वनरक्षक म्हणाला. कोटाच्या बाहीतून पाणी गळत होतं. "पण मी बोलणारा माणूस नाही. हिला गप्पपण चाललं पाहिजे." थोडा थांबून म्हणाला, "पुन्हा एकदा येऊन बघतो. पानगळ झाली की."

तो गेल्यावर मालकीणबाई म्हणाल्या, "मामा, दुसरं गिऱ्हाईक नाही. आणि व्यापारीही त्याच सुमाराला यायचाय."

मामांनी खोगीर उतरवलं. आयुष्यभर त्यांना वाटत आलं होतं, आपण घोड्यांना माणसाची सवय लावतो. या घोडीला त्यांनी माणसाची नव्हे, स्वतःच्या तोंडाची सवय लावली होती. दुसऱ्या कुणी हे केलं असतं तर मामांनी त्याला पुलापर्यंत शिव्या दिल्या असत्या.

त्या संध्याकाळी घरी चमत्कार झाला. मामांचं घर म्हणजे जोड्यांच्या दुकानावरच्या दोन खोल्या. खिडकीशी मामीचं शिलाईयंत्र, भिंतीला खुंट्या, खुंट्यांवर लोकांचे कोट. मामा आले, हातपाय धुतले, ताटावर बसले आणि जेवले. एक शब्द नाही.

"दात दुखतोय?" मामीने विचारलं.

मामांनी मान हलवली. नाही.

"मालकीणबाईंशी वाजलं?"

नाही.

"मग मेलं कोण?"

मामांना राहवलं नाही. हौदापासून टोपीपर्यंत सगळं एका दमात बाहेर आलं. म्हणून सराव करतोय, म्हणाले. उद्यापासून रिंगणात तोंडाला कुलूप. घोडीला गप्पपणाची सवय लावायची, तर आधी आपल्याला यायला हवी.

मामी इतकी हसली की तोंडातल्या टाचण्या तिला हातात काढून ठेवाव्या लागल्या. "लग्न झाल्यापासून मी हेच म्हणतेय," ती डोळे पुसत म्हणाली. "आणि ऐकलंत कुणाचं, तर घोडीचं!"

दुसऱ्या दिवशी मामा तोंडात मिठाची गुळणी धरल्यासारखे बादलीवर बसले. पाठ करून, वादी घेऊन, नेहमीसारखेच. काडेपेटी मागे नुसती भिरभिरली. कुंपणाच्या कडेकडेने येरझारा, घाम, फुरफुर. मामा हटले नाहीत. त्याच्या दुसऱ्या दिवशी तेच. तिसऱ्या दिवशी तर तिने कुंपणाची वरची फळी छातीने तोडली. मामांनी बोलायला तोंड उघडलं, आणि ती जागच्या जागी थांबली. म्हणजे होतं ते फक्त घट्ट झालं: आवाज म्हणजे सुख, गप्प म्हणजे संकट.

असे बरेच दिवस गेले. गंजीजवळच्या झाडाची पानं पिवळी पडायला लागली. मामांची भूक गेली. नालबंद चेष्टा करायचा बंद झाला, आणि तेच मामांना जास्त झोंबलं.

एक दिवस मामा जेवणाचा डबा घरीच विसरले. मामी तो घेऊन तबेल्यात आली. डबा तिने कुंपणाच्या खांबावर ठेवला, बराच वेळ उभी राहून बघितलं, आणि मग हाक मारली, "अहो, इकडे या."

मामा आले.

"तुम्ही काय करताय?"

"गप्प बसतोय, दिसत नाही?"

"तुम्ही गप्प कुठे बसलाय? तुम्ही तोंड दाबून बसलाय." मामीने बोट दाखवलं. "खांदे बघा, कानाला टेकलेत. मान ताठ. मघापासून बघतेय, श्वास तरी घेताय का? मांजर उंदरावर टपलेलं असतं ना, ते असंच बसतं. मीसुद्धा पळून गेले असते, ती तर घोडी आहे."

मामांनी खांदे चाचपले. खरंच वर होते.

"बोलायचं पोटात दाबून धरलं की अंग बोलतं," मामी म्हणाली. "माझ्याकडे मापाला बायका येतात. एखादी म्हणते, मी अगदी आरामात उभी आहे, आणि खांदे असे. त्या मापाने ब्लाऊज शिवला की घरी जाऊन ढगळ होतो. मी आधी त्यांना श्वास सोडायला लावते, मग फीत लावते."

"मग काय करू?"

"सरका."

मामीने भिंतीशी पडलेली दुसरी बादली उचलली, रिंगणात नेली, उपडी घातली. पिशवीतून कुणाच्यातरी घागऱ्याची किनार काढली आणि टिपा घालायला बसली. घोडीकडे बघितलंही नाही. तिला घोड्यांची मुळात आवड नव्हती. घोड्यांनी तिच्या घरातल्या कॉलरी खाल्ल्या होत्या. ती आपली बसली, जशी खिडकीशी बसे तशी. हात चालू, खांदे खाली, श्वास संथ.

काडेपेटीने एक चक्कर मारली. दुसरी अर्धी मारली. थांबली. मान खाली घालून लांबूनच वास घेतला. मग मामांच्या डोळ्यांदेखत ती चालत गेली, मामीच्या मागे उभी राहिली, आणि घागऱ्याच्या किनारीला नाक लावलं.

"ए, गिऱ्हाइकाचा आहे," मामी पुटपुटली, आणि शिवत राहिली.

मामा कुंपणाबाहेर उभे राहून बघत होते. आनंद झालाच, पण खरं सांगायचं तर पोटात जरा दुखलंही. इतके दिवस त्यांनी घसा कोरडा केला होता, आणि ही बाई डबा द्यायला काय येते आणि घोडी हिच्या पदराखाली!

"कसं केलंस?" त्यांनी नंतर विचारलं.

"इतकी वर्षं तुमच्या समोर बसून केलं तेच. तुम्ही बोलता, मी ऐकते. ऐकणारं माणूस टपून बसत नाही हो. तुम्ही कानांना काही काम द्या, तोंड आपोआप स्वस्थ बसेल."

मग मामांची शिकवणी सुरू झाली. मामी दुपारी शिवण घेऊन यायची आणि दोघं दोन बादल्यांवर पाठ करून बसायची. "काय ऐकू येतंय?" ती विचारी. मामा म्हणत, "काही नाही." "मग ऐका." नालबंदाचा हातोडा ऐकू येई. गंजीतल्या चिमण्या. पुलावरून जाणाऱ्या गाडीची चाकं, आधी दगडावर, मग लाकडावर. आणि एक दिवस मामांना काडेपेटीचं गवत चघळणं ऐकू आलं. ती थोडा वेळ चघळायची, थांबायची, जणू काही आठवतेय, आणि पुन्हा चघळायची. एवढ्या जवळून एवढ्या घोड्यांबरोबर बसून मामांनी हे आजवर कधी ऐकलं नव्हतं. ऐकणार कसं? त्या वेळी मेव्हणा सायकल विकत असायचा.

कानांना काम मिळालं, आणि खांदे खाली आले.

तेव्हा कुठे मामांनी घोडीचं शिक्षण पुन्हा सुरू केलं, आपल्या नेहमीच्या रीतीने, म्हणजे एकेक भोक करत. गोष्ट सांगता सांगता वाक्यानंतर जरा थांबायचं, श्वास सोडायचा, आणि तिचे कान हलायच्या आत पुढचं वाक्य. मग थांबणं थोडं लांब. मग वाक्य छोटं. घोडी कावरीबावरी झाली, की दोन पावलं मागे, परत थोडी जास्त बडबड. असं करत करत गोष्टी विरळ होत गेल्या. मेव्हण्याची सायकल नुसती "सायकल" एवढ्या शब्दावर आली. शेवटी शब्दही गेला, नुसता श्वास उरला. मामा तिच्यावर बसून हौदापाशी उभे राहत, कान देऊन ऐकत, आणि काडेपेटीही ऐकत उभी राही. एक मागचा पाय सैल सोडून, ओठ लोंबकळत, अगदी पेन्शनरासारखी.

"आता मला भीती वाटते," नालबंद म्हणाला. "मामा, बोला काहीतरी. तबेला सुना सुना वाटतो."

पानं गळाली आणि वनरक्षक आला. त्याच दिवशी सकाळी व्यापाऱ्याची गाडीही अंगणात येऊन लागली होती. मागची फळी उघडी, आत पेंढा. मामांनी तिकडे बघायचं टाळलं.

या खेपेला त्यांनी वनरक्षकाला एकच वाक्य सांगितलं, "साहेब, वर बसलात की श्वास सोडा." मग त्यांनी बादली नेली, कुंपणाच्या बाहेर उपडी घातली, आणि रिंगणाकडे आणि रस्त्याकडे पाठ करून बसले. मालकीणबाईंना ते विचित्र वाटलं. मामी कुंपणाला टेकून उभी राहिली, तोंड घोडीकडे, एक डोळा मामांकडे.

मामांना फक्त ऐकू येत होतं. तंगाचं बक्कल. रिकिबीच्या चामड्याची कुरकुर. वजन पडल्यावर खोगिराचा तो एक हुंकार. मग पावलं, ओल्या मातीत, सैल, बरोबर. एक फेरी, दुसरी. फाटकाची कडी निघाली. पावलं मातीवरून अंगणाच्या फरशीवर आली, व्यापाऱ्याच्या गाडीजवळून गेली, आणि रस्त्याच्या तोंडाशी पोचली.

आणि थांबली.

काहीच ऐकू येईना. हातोडासुद्धा बंद होता. नालबंद काम टाकून बघत असणार. मामांच्या जिभेवर सगळं येऊन उभं राहिलं, छत्री, पूल, गुडघा, मेव्हणा, सगळे. नुसतं "होऽ बाई" म्हटलं असतं तरी ती हलली असती. आणि मग जंगलात, झाडाखाली, ज्या दिवशी कुणी "होऽ बाई" म्हणणार नाही, त्या दिवशी? त्यांचे खांदे कानाकडे निघाले होते. मामांना ते कळलं. त्यांनी श्वास सोडला, लांब, पोटापासून, जसा ते तिच्या पाठीवर बसून सोडत.

एक टाप वाजली. मग दुसरी. मग चारही, दगडावर, आणि लांब जात जात त्या लाकडी पुलावर वाजायला लागल्या.

वनरक्षक बऱ्याच वेळाने परतला. टोपी कोरडी होती. "नेतो," तो मालकीणबाईंना म्हणाला. व्यवहार झाला. त्याने मामांकडे वळून विचारलं, "हाक काय मारायची?"

"काडेपेटी," मामा म्हणाले.

वनरक्षक घोडीकडे बघत राहिला. मग त्या माणसाच्या चेहऱ्यावर काहीतरी हललं. "जंगलात काडेपेटी न्यायला बंदी आहे," तो म्हणाला, आणि स्वतःच्याच विनोदावर इतका हसला की टोपी पडली. काडेपेटीने तीही हुंगून बघितली, पण चावली नाही.

व्यापाऱ्याची गाडी रिकामीच गेली. फळी वाजत होती ती पुलापर्यंत ऐकू आली.

मामा आणि मामी घरी निघाली. मामांनी बादली जाग्यावर ठेवली होती. पुलावर आल्यावर मामी म्हणाली, "बोला आता. किती दिवस कोंडलंय कोण जाणे. आज माझी हरकत नाही."

"मी काय बोलू?" मामा म्हणाले. "माझी पाठ होती. तू बघितलंस, तू सांग."

"काय सांगायचं? दारात थांबली. मग गेली."

"एवढंच?"

"एवढंच."

"अगं, कान? कान कुठे होते तिचे?"

"डोक्यावर."

मामांनी हात जोडले. मामी हसली. थोडी पावलं ती नुसतीच चालली, पिशवी या हातातून त्या हातात घेतली, आणि मग सावकाश सांगायला लागली. "एक कान पुढे होता, रस्त्याकडे. एक मागे होता, तुमच्याकडे. तो मागचा काही हलेना. मला वाटलं, आता वळते. मग तुमचे खांदे खाली आले, आणि तो कानही पुढे गेला. मग चालायला लागली."

"मग?" मामा म्हणाले.

"मग त्या साहेबाने तिच्या मानेवर हात ठेवला."

"कुठल्या बाजूने?"

"सांगते ना. मधे बोलू नका."

मामा गप्प बसले, आणि ती सांगत राहिली.